राज्ये बदलतात तेव्हा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘अशांत काळात श्रद्धेचा आधार’ हा विषय सुचविला, तेव्हा मी तो आनंदाने पत्करला. ज्याचे सारे आयुष्य शाळेत गेले, त्याला दिलेला विषय नाकारण्याची सवय नसते. परंतु गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे गाव तालुक्याच्या दक्षिण अंगाला, जतच्या बाजूस आहे. तिकडच्या पाण्याच्या प्रश्नाने किती निवडणुका पाहिल्या, हे मंगळवेढेकरांना मी सांगावयास नको. टेबलावरची निमंत्रणपत्रिका त्याने वाचली आणि तो म्हणाला, “सर, शांतीचं राहू द्या. पाण्यावर बोला. आमची आई दर आषाढीला चालत पंढरपूरला जाते, आणि परत आली की इतकी शांत असते, की मला तिचाच राग येतो.”

मी त्याला चहा दिला. उत्तर देता आले नाही. आज जे बोलणार आहे ते त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावे. तो मागे कोठे बसला असेल तर मला दिसत नाही. पण ऐकत असावा.

त्याचा राग मला अनाठायी वाटत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात काय काय झाले, ते आठवा. २०१९ च्या नोव्हेंबरात एका सकाळी आपण दूध आणावयास बाहेर पडलो, तो आपण झोपेत असताना सरकार स्थापन झाल्याचे कळले; आणि ते चार दिवसांतच गेलेही. पुढे २०२२ मध्ये एक पक्ष दुभंगला, २०२३ मध्ये दुसरा. काल एकमेकांना शिव्या देणारे आज एका व्यासपीठावर हार घालून घेत होते, आणि त्यांच्यासाठी एकमेकांशी भांडून अबोला धरलेले आपले भाऊबंद मात्र अजून बोलत नव्हते. पूर्वी वर्तमानपत्र सकाळी एकदाच येई. आता खिशातला मोबाइल दर घटकेला काहीतरी कानात सांगतो, आणि ते बहुधा कोणाचा तरी द्वेष करा एवढेच असते. अशा वेळी कोणी ‘मन शांत ठेवा’ म्हणू लागला, तर ऐकणाऱ्याला शंका यावी हेच योग्य. शांत राहा असे सांगणारा बहुतेक वेळा आपल्या शांततेवर स्वतःचे काही भागवून घेत असतो.

तथापि आपले हे गाव या बाबतीत अगदीच अडाणी नाही. मंगळवेढ्याने जितकी राज्ये येताना आणि जाताना पाहिली, तितकी फार थोड्या गावांच्या वाट्याला आली असतील. बाराव्या शतकात हे कलचुरींचे ठाणे होते. बिज्जल येथलाच, आणि बसवेश्वरांच्या आयुष्याची काही वर्षे येथे गेली असे परंपरा सांगते. त्यानंतर यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे. आणि १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धन. राजा बदलला की सारा वसूल करणाऱ्याची पगडी बदलावयाची, सारा तोच. या सगळ्या उलथापालथीतून गावाने नावे कोणाची जपली? बिज्जलाचे नाव अभ्यासकांना ठाऊक. दामाजी, चोखामेळा आणि कान्होपात्रा ही नावे मात्र आपल्या घरातली आहेत. चौक, महाविद्यालय, साखर कारखाना, जिकडे पाहावे तिकडे दामाजीपंत. नाव देणे सोपे असते हे खरे. त्या माणसांनी काय केले, ते पाहणे थोडे अवघड आहे.

चोखोबांपासून सुरुवात करू. ज्ञानदेवांनी समाधी घेतली ते वर्ष १२९६. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर येऊन धडकली. पुढे बावीस वर्षांत यादवांचे राज्य पुरते बुडाले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादेस आणली, आणि काही वर्षांनी ती परत नेली. १३४७ मध्ये बहामनी राज्य उभे राहिले. या दोन काळांच्या मधल्या पोकळीत, ज्या वेळी या मुलखात सत्ता नेमकी कोणाची हे सांगणे कठीण होते, त्या वेळी म्हणजे १३३८ साली, वैशाख वद्य पंचमीला, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले असता कूस कोसळले आणि त्याखाली चोखामेळा गेला. हा महिना वैशाखाचाच आहे. बाहेर ऊन कसे आहे ते आपण पाहतोच. त्या उन्हात तो दगडमाती वाहत होता.

गावाचे कूस कशासाठी बांधतात? बाहेरच्या शत्रूपासून गावाचे रक्षण व्हावे म्हणून. आणि ते बांधणाऱ्या महाराचे घर कोठे? कुसाबाहेर. ज्या भिंतीच्या आत त्याला राहता येत नव्हते, ती भिंत बांधताना तो मेला. पंढरीनाथाच्या ज्या देवळाला त्याने जन्मभर हात जोडले, त्याच्या आत त्याला पाऊल टाकता आले नाही. पुढे नामदेव येथे आले, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी ओळखून उचलल्या, आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी कथा आहे. ती आपण डोळे पुसत ऐकतो. मला त्या कथेत नेहमी एक गोष्ट खटकते. समाधीसुद्धा दाराबाहेरच झाली.

म्हणून चोखोबाच्या शांतीविषयी बोलताना आपण जरा बेताने बोलावे. त्याच्या घरातली माणसे पाहा. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारीच अभंग रचणारी. या मुलाच्या अभंगांत देवाला धरलेला जाब असा आहे की तो वाचून आजही मान खाली जाते. देवावर रागावणारा मुलगा आणि देवाला धरून राहिलेला बाप एका घरात राहत होते, आणि वारकरी परंपरेने दोघांचेही अभंग सांभाळून ठेवले. माझ्या विद्यार्थ्याला मला हे विशेष सांगावयाचे आहे. आईची शांती आणि मुलाचा राग हे भांडण तुझ्या घरात सुरू झालेले नाही.

आता एक मोठा आक्षेप. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांवर ठपका ठेवला होता की, परचक्र दारात उभे असता यांनी लोकांना टाळ वाजवावयास लावले, आणि समाज पंगू केला. त्यांनी यासाठी ‘संताळे’ असा शब्दच बनविला. उलट न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासात असे मांडले, की स्वराज्याची जमीन संतांनीच नांगरून ठेवली होती. मला वाटते, दोघांनीही संतांकडे एकच प्रश्न नेला : तुमच्या भक्तीने राज्य मिळाले की गेले? हा प्रश्न चुकीचा नाही, पण मंगळवेढ्याच्या माणसाला दुसरा एक प्रश्न सुचावयास हवा. राज्य कोणाचेही असो, हाती किल्ली असलेल्या माणसाने त्या दिवशी काय केले?

दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहत नाही. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’त ती सविस्तर आली आहे. काळ पंधराव्या शतकातला, राज्य बेदरच्या बादशहाचे, दामाजी येथला अंमलदार. दुष्काळ पडला. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण पंतांकडे जेवावयास बसला, आणि घास हाती घेतल्यावर घरची उपाशी मुले आठवून रडू लागला. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठविले. ते धान्य पंढरपुरात शिरताच उपाशी लोकांनी लुटले. ही बारीकशी गोष्ट कीर्तनकार पुष्कळदा घाईने सांगून टाकतात. मला तर सारी कथा तेथेच आहे असे वाटते. एका घराला धर्म करावयास जावे, तर आजूबाजूची हजार घरे उपाशी आहेत हे कळते. येथून पुढे दोनच वाटा. एक, लोक लुटारू झाले म्हणून कपाळाला हात लावावा. दुसरी, कोठार उघडावे. पंतांनी सरकारी कोठारे उघडली. हाताखालच्या मुजुमदाराने बेदरला लिहून कळविले, आणि पंतांना धरून न्यावयास शिपाई आले.

येथे मी क्षणभर थांबतो. मंगळवेढ्याहून बेदर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाटेत पंतांनी पंढरपुरास थांबून देवाचे शेवटचे दर्शन घ्यावयाची परवानगी मागितली, असे कथेत आहे. शेवटचे म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होते. पुढे विठू महाराच्या रूपाने देव बेदरला गेला, त्याने दाण्याची सारी किंमत मोजून पावती घेतली, ती पंतांच्या गीतेच्या पोथीत ठेवली, हे आपणांस ठाऊक आहे; पण ते कथा ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, पंतांना नव्हते. कोठाराची किल्ली फिरवली तेव्हा पोथीत पावती नव्हती. मंगळवेढा सोडताना नव्हती. देवापुढे उभे राहिले तेव्हाही ती असल्याचे त्यांना माहीत नव्हते. श्रद्धेने मिळणारी शांती म्हणतात ती मला या वाटेवर दिसते. आपले सारे ठीक होणार आहे अशी ती खात्री नव्हती. जे करावयाचे ते करून झाले आहे, आता आपले काय व्हायचे ते होवो, अशी ती मनाची मोकळीक होती. चमत्कार ज्यांना मानावयाचा त्यांनी खुशाल मानावा. जो मानत नाही, त्याच्याही हाती ही वाट राहते.

आणखी एक विचार मनात येतो. तो माझा तर्क आहे, संशोधन नव्हे. देवाला बेदरला जावयाचे होते. तो शेटसावकाराच्या रूपाने जाऊ शकला असता, सरदार होऊन जाऊ शकला असता. पैसे भरावयास तेच वेष अधिक शोभले असते. कथा सांगणाऱ्यांनी त्याला महार केले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ज्या गावाच्या कुसाखाली चोखा महार मेला, त्याच गावाची अब्रू शे-सव्वाशे वर्षांनी एका महाराने वाचविली, असे त्याच गावच्या कथेत यावे, हा मला योगायोग वाटत नाही. मनात काहीतरी डाचत होते. तोंडाने कबूल करवेना, म्हणून लोकांनी ते गोष्टीत कबूल केले. पण गोष्टीत कबूल करून देवळाचे दार उघडत नाही. ते उघडावयास आणखी पाचशे वर्षे लागली.

कान्होपात्रेविषयी थोडेच सांगतो. १९३१ च्या नाटकामुळे आणि बालगंधर्वांमुळे ती आपणांस चांगली परिचित आहे. गणिकेची मुलगी, बेदरच्या बादशहाचे बोलावणे, आणि देवळात सोडलेला प्राण. दक्षिण दरवाजापाशी तिची समाधी आणि तरटीचे झाड दाखवितात. तिच्याजवळ कोठार नव्हते, किल्ली नव्हती, सैन्य तर नव्हतेच. ‘नाही’ एवढा एक शब्द होता. तिला तो कोणी म्हणू दिला नसता, म्हणून तिने तो देवाच्या दारात जाऊन म्हटला.

चोखोबांसाठी दार उघडले ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले. १९४७ चा मे महिना. दिल्लीत देशाचे दोन तुकडे करण्याची बोलणी चालू होती, पंजाब पेटला होता. अशा वेळी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात १ मेपासून उपोषण मांडले : विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले झाले पाहिजे. त्याआधी ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले होते. देश जळत असताना एका देवळाच्या दाराचे काय घेऊन बसलात, असे म्हणणे फार सोपे होते. १० मे रोजी उपोषण सुटले, आणि मंदिर उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. विठ्ठलावरच्या श्रद्धेने विठ्ठलाच्या दारात हट्ट धरला, आणि दार हलले. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा एक होता. अर्पण केले, पण स्वतः त्या देवळात गेले नाहीत. १९५६ मध्ये ते दुसऱ्या वाटेने गेले, आणि असंख्य माणसांना त्या वाटेवर आशा सापडली. विठ्ठलाच्या नावाने आशा सापडावयासच हवी, असे मी कोण म्हणणार?

गुरुजींचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. आणि ११ जून १९५० रोजी त्या हळव्या माणसाने स्वतःच या जगाचा निरोप घेतला. इतकी श्रद्धा, आणि मनाला विसावा नाही. विषय पत्रिकेवर छापला तेव्हा चालकांच्या मनात हे नसावे. पण श्रद्धा ठेवा म्हणजे मन शांत होईलच, अशी हमी मी गुरुजींना आठवून देऊ शकत नाही. फार सोसणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच्याजवळ जाऊन बसावे, एवढे मात्र त्यांच्यामुळे मी शिकलो आहे.

प्रार्थनेला काही जण पळवाट म्हणतात. त्यांना मी १९७५ च्या डिसेंबरातले कऱ्हाड दाखवीन. आणीबाणी चालू होती. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या, स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करावयास सांगितले. आजाऱ्यासाठी प्रार्थना! याहून साधी गोष्ट काय असणार? आणि त्या मांडवात याहून धाडसाची गोष्ट काय होती? पुढे दुर्गाबाईंना तुरुंगात जावे लागले.

मोठ्यांची उदाहरणे झाली. एक माझ्या डोळ्यांसमोरचे सांगतो. १९७२ साली मी अठरा वर्षांचा होतो. मंगळवेढ्याची मालदांडी उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरतात, आणि नंतर एक थेंब न पडला तरी काळ्या रानातल्या ओलीवर ती माणसाच्या डोक्यावर जाते, हा आपला अभिमान. त्या वर्षी ओलच नव्हती. ज्वारीचे कोठार म्हणविणाऱ्या या गावात आम्ही रेशनची तांबडी मिलो खाल्ली. मी एका पाझर तलावाच्या कामावर होतो. दुपारी सुकडी मिळे. मजुरी खड्ड्याच्या मापावर, आणि मापात दर आठवड्याला काहीतरी कमी भरे. सारे कुरकुरत, बोलत कोणी नसे. आमच्या टोळीत गळ्यात माळ असलेले एक म्हातारे बाबा होते. संध्याकाळी चुली पेटल्या की ते हरिपाठ धरीत. आम्ही पोरे मागे बसून चेष्टा करीत असू. एका शनिवारी माप घेणारा आला, त्याने फीत टाकली आणि आकडा लिहिला. बाबांनी आपली काठी खड्ड्यात उभी धरली, काठीवर बोटाने खूण केली आणि म्हणाले, “परत मोजा.” आवाज चढविला नाही. माणसे गोळा झाली. तो म्हणाला, उद्यापासून कामावर येऊ नका. बाबा म्हणाले, “न्हाई येत. पर आज मोजा.”

मोजावे लागले. दुसऱ्या दिवशी बाबांचे नाव आमच्या हजेरीपटावर नव्हते. दूरच्या एका रस्त्याच्या कामावर त्यांना धाडले, असे कळले. त्या संध्याकाळी हरिपाठ कोणी म्हणावा असा प्रश्न पडला. पाठ कोणाला नव्हता. आठवेल तेवढा आम्ही म्हटला, आणि त्या दिवशी चेष्टा झाली नाही. माप मात्र पुढे काम संपेपर्यंत ठीक भरत गेले.

२०२० च्या आषाढीला वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाडीने पंढरपुरास आल्या. शेकडो वर्षांची वाट त्या वर्षी रिकामी होती. त्या वेळी या विद्यार्थ्याच्या आईने काय केले असेल, हे मला कधी विचारावयाचे सुचले नव्हते. परवा आठवड्याच्या बाजारात ती भेटली, तेव्हा विचारले. म्हणाली, “घराभोवती चाललो की. अंगणात. पाय थांबत व्हय?” मग मी तिला मुलाचा राग सांगितला. ती हसली. “इठ्ठलाला पानी मागत न्हाय म्या,” ती म्हणाली. “पानी सरकारला मागायचं. त्येला यवढंच म्हनायचं, मागून मागून दमू दिऊ नगंस.”

एवढे बोलून तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. तहसीलदारांच्या नावे पाण्यासाठीचे निवेदन होते, खाली सह्या आणि अंगठे. जागा थोडी उरली होती. तुम्हीबी करा म्हणाली. मी बाजारातच एका पाटीवर कागद ठेवून सही केली. निवेदन मुलाने लिहिलेले होते. ते अक्षर मी ओळखतो. वर्गात त्यावरून त्याला पुष्कळ बोललो आहे.